लोयोला की यूआयसी? शिकागोत कॉलेज बास्केटबॉलचं सीझन तिकीट घेण्याआधी

शिकागोत कॉलेज बास्केटबॉलचं सीझन तिकीट घ्यायचं म्हटलं की नॉर्थवेस्टर्न आणि डीपॉल ही नावं आधी पुढे येतात. त्यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांना बिग टेन किंवा बिग ईस्ट बघायचंय त्यांचं सहसा आधीच ठरलेलं असतं. हा मजकूर उरलेल्या दोघांपाशी अडलेल्यांसाठी आहे: लोयोला आणि यूआयसी (इलिनॉय विद्यापीठाची शिकागो शाखा). दोन्ही मिड-मेजर, म्हणजे बड्या कॉन्फरन्सबाहेरचे; दोघांकडेही अमेरिकन फुटबॉलचा संघ नाही, दोन्हीकडे लोकलने जाता येतं आणि दोघांनीही १ जुलै २०२२ या एकाच दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे खेळण्याची लीग, बदलली. लोयोला मिसुरी व्हॅली सोडून अटलांटिक टेनमध्ये गेलं. यूआयसी होरायझन लीग सोडून व्हॅलीत आलं. मी व्हॅलीच्या काळापासून लोयोलाचं तिकीट घेत होतो, आता यूआयसीचं घेतो. माझा कल कुठे आहे ते इथेच कळलं असेल. तेवढा वजा करून पुढचं वाचा.

रिअलाइनमेंटचा, म्हणजे कॉन्फरन्सच्या अदलाबदलीचा, हा खेळ फुटबॉलच्या पैशाचा. २०२१ च्या उन्हाळ्यात टेक्सस आणि ओक्लाहोमाने एसईसी या बड्या फुटबॉल कॉन्फरन्सची वाट धरली आणि वरच्या मजल्यावर सामान हलायला लागलं. त्याचे हादरे खाली, ज्यांचा फुटबॉलशी काडीचा संबंध नाही अशांनाही बसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोयोलाने अटलांटिक टेनला हो म्हटलं. व्हॅलीने बेलमाँट, मरी स्टेट आणि यूआयसी अशी तिघांची भरती केली. हे सगळं तुम्हाला माहीत असणार. प्रेक्षकाच्या हातात त्यातून काय पडलं, हा खरा प्रश्न.

आधी लोयोलाच्या बाजूने जे आहे ते मोकळ्या मनाने मान्य करतो. घरच्या मैदानावर बसून बघायचं असेल तर लोयोलाला तोड नाही. पाच हजारांच्या आतलं अरीना, छप्पर अंगावर आल्यासारखं, विद्यार्थी अगदी कोर्टाला खेटून. निम्मं भरलं तरी कान बधिर होतात. त्यात परंपरा आहे. १९६३ साली सिनसिनाटीला ओव्हरटाइममध्ये ६०-५८ हरवून राष्ट्रीय विजेतेपद, आणि त्याच स्पर्धेत मिसिसिपी स्टेटशी झालेला तो सामना, ज्यासाठी मिसिसिपीच्या संघाला आपल्याच राज्यातल्या वर्णद्वेष्ट्यांना चुकवून यावं लागलं होतं. मग २०१८. अकरावं सीडिंग (मानांकन) घेऊन फायनल फोरपर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या चारांत मजल, आणि बाकाजवळ व्हीलचेअरवर अठ्ठ्याण्णव वर्षांच्या सिस्टर जीन, संघासाठी प्रार्थना करणाऱ्या नन. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या १०६ व्या वर्षी गेल्या, पण मरून-सोनेरी मफलर घालून येणारी म्हातारी मंडळी अजूनही येतात. यूआयसीकडे यातलं काहीच नाही. एनसीएए स्पर्धेत, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या मार्च मॅडनेसमध्ये, ते शेवटचे गेले २००४ साली. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता पदवीधर झाली असतील.

खेळाचा दर्जाही, माझ्या नजरेला तरी, अटलांटिक टेनमध्ये उजवा वाटतो. डेटन, व्हीसीयू, सेंट लुईस हे संघ आले की कोर्टावरची धक्काबुक्कीच वेगळी असते. एक उदाहरण पुरे. इंडियाना स्टेटचा रॉबी अविला, गॉगल लावून खेळणारा तो उंचापुरा सेंटर, २०२४ च्या मोसमात अख्ख्या व्हॅलीचा लाडका होता. त्या वर्षी इंडियाना स्टेटने २८ सामने जिंकूनही त्यांना मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं नाही. मोसम संपला, त्यांचे कोच जॉश शर्ट्झ सेंट लुईसला गेले आणि अविलाही त्यांच्यामागून गेला. म्हणजे अटलांटिक टेनमध्ये. ज्याला बघायला आम्ही इंडियाना स्टेटच्या गावी, तेर हॉटपर्यंत गाडी हाकत होतो तो मग लोयोलाच्या वेळापत्रकात आला. वरच्या पायरीवर जाण्याचा फायदा म्हणतात तो हाच.

पण ही पायरी नेमकी किती वर आहे, ते एकदा तपासून बघा. लोयोलाच्या स्थलांतरामागचा साधा हिशेब असा होता की व्हॅलीतून बहुधा एकच संघ मार्च मॅडनेसला जातो. सेंट लुईस शहरात होणाऱ्या व्हॅलीच्या स्पर्धेचा, म्हणजे आर्च मॅडनेसचा, तो एक आठवडा बिघडला की वर्षभराची मेहनत पाण्यात. २०१८ मध्येही ते आर्च मॅडनेस हरले असते तर बोलावणं आलंच असतं, अशी खात्री कोणी देत नव्हतं. अटलांटिक टेनला मात्र २०१४ मध्ये एकदम सहा जागा मिळाल्या होत्या. हा झाला इतिहास. लोयोला गेल्यानंतरच्या तीन मोसमांत, म्हणजे २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये, अटलांटिक टेनला अनुक्रमे एक, दोन आणि एक अशा जागा मिळाल्या. व्हॅलीला दरवर्षी एक. चाराला तीन. आणि त्या चारांत लोयोला एकदाही नाही. पहिल्या वर्षी तर कॉन्फरन्समध्ये ४ विजय, १४ पराभव. पुढच्या वर्षी १५-३ असं झकास पुनरागमन, रिचमंडच्या बरोबरीने पहिला क्रमांक, आणि कॉन्फरन्स स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात सेंट बोनाव्हेंचरकडून घरवापसी. म्हणजे जी भीती टाळायला घर बदललं, ती नव्या घरातही आधीच येऊन बसली होती. फक्त आता ती बघायला पूर्वेकडे विमानाने जावं लागतं. व्हॅलीची स्पर्धा सेंट लुईसलाच, तिथे आमची आगगाडी जाते.

२०१८ च्या कमाईचं काय झालं तेही सांगून टाकतो, कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. एनसीएए स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांमागे मिळणारा वाटा कॉन्फरन्सच्या नावावर जमा होतो आणि सहा वर्षं हप्त्याहप्त्याने येतो. लोयोलाच्या पोरांनी कमावलेल्या त्या पाच वाट्यांचे शेवटचे हप्ते लोयोला निघून गेल्यावरही व्हॅलीच्याच खात्यात पडले.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. खरं सांगायचं तर वरचं सगळं मी नंतर जुळवलेलं समर्थन आहे. निर्णय झाला तो बाहेरच्या सामन्यांवरून.

व्हॅलीत असताना सीझन तिकीट म्हणजे फक्त घरचे सामने नव्हते. तिकिटाबरोबर एक नकाशा मिळायचा. व्हॅल्परायझो तासाभरावर. नॉर्मल, म्हणजे इलिनॉय स्टेटचं गाव, दोन-सव्वादोन तास, ब्रॅडलीचं पिओरिया अडीच-तीन. शनिवारी सकाळी पोहे खाऊन निघालं की रात्री घरच्या पलंगावर. आणि या नकाशात आपली माणसं भरलेली आहेत! ब्लूमिंग्टन-नॉर्मलला स्टेट फार्ममुळे आयटीतली केवढी मराठी मंडळी आहेत. पिओरियाला कॅटरपिलरमुळे. इलिनॉय स्टेटच्या अरीनात सामना बघायचा, मग मित्राकडे जायचं. तिथे वहिनींनी पिठलं-भात टाकलेला असायचा, पोरं एकमेकांच्या जर्सीवरून भांडायची. हरलो तरी दिवस वाया जायचा नाही. व्हॅल्पोचा, म्हणजे व्हॅल्परायझोचा, हॉल तर इतका लहान की पाहुण्यांच्या बाकामागे जागा मिळाली, तर टाइमआउटमध्ये कोण कोणावर काय ओरडतंय ते शब्दन् शब्द ऐकू येतं. एकदा आमच्या कोचने बोर्डवर काढलेली चाल मला दिसली, समोरच्या व्हॅल्पोच्या पोरालाही बहुधा दिसली, आणि पास थेट त्याच्या हातात गेला. असलं काही टीव्हीवर मिळत नाही.

अटलांटिक टेनमध्ये गेल्यावर हा नकाशा गेला. जवळात जवळ सेंट लुईस आणि डेटन, दोन्ही पाचेक तास. बाकीचे रोड आयलंड, फिलाडेल्फिया, रिचमंड, न्यूयॉर्क राज्यातलं ओलीन. तिथे गाडीने कोण जाणार? राहिला टीव्ही. तर तिथे घड्याळ आडवं येतं. पूर्वेकडचा सात वाजताचा सामना आपल्याकडे सहाला सुरू होतो. मी स्कोकीत राहतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सहाला मी एडन्स एक्सप्रेसवेवर पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत असतो. घरी पोचून बूट काढेपर्यंत हाफटाइम. पहिला हाफ मी रेडिओवर आणि दुसरा जेवता जेवता, असं कितीतरी वेळा झालं. एका कडाक्याच्या हिवाळ्यात लक्षात आलं की आपल्या संघाचे निम्मे सामने आपण अर्धेच बघतोय.

त्यात वेळापत्रकाचं गणित. पंधरा संघ आणि अठरा सामने, तेव्हा चौघांशी दोनदा गाठ पडायची आणि उरलेल्या दहांशी एकदाच. म्हणजे दरवर्षी पाच संघ आपल्या अरीनाची पायरीसुद्धा चढत नसत. २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स बाहेर पडलं तरी दुखणं थोडंच कमी झालं. वैर मुरायला वेळ लागतो. जानेवारीत त्यांच्या घरी हरायचं, फेब्रुवारीत आपल्या घरी उट्टं काढायचं, तेव्हा कुठे त्यांच्या पॉइंट गार्डचं नाव ऐकून कपाळावर आठी येते. व्हॅलीतलं वैर बांधावरच्या भावकीसारखं असतं. ब्रॅडलीच्या लोकांशी पार्किंगपासून वाद सुरू होतात आणि पुढच्या वर्षी त्यांचीच ख्यालीखुशाली विचारतो. फोर्डमशी माझं कसलं भांडण? चांगली माणसं असतील बिचारी.

यूआयसीने मला तो नकाशा परत दिला. एवढंच आणि एवढंच. २०२५ मध्ये मिसुरी स्टेट गेल्यावर व्हॅलीत ११ संघ उरले. २० सामन्यांत प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा इकडे, एकदा तिकडे. लहान कॉन्फरन्सचं हे सुख आकड्यांत मांडता येत नाही, पण प्रेक्षकाला ते पहिल्याच मोसमात जाणवतं.

बाकी यूआयसीच्या बाबतीत मन घट्ट करूनच जा. अरीना मोठं आहे आणि मंगळवारी रात्री ते आणखी मोठं वाटतं. इतकं, की फ्री थ्रोच्या वेळी समोरच्या बाजूला कोणी वेफर्सचं पाकीट फोडलं तर इकडे कळतं. व्हॅलीतली पहिली दोन वर्षं ४-१६ आणि परत ४-१६. रॉब एहसान २०२४ मध्ये कोच म्हणून आल्यापासून संघ थोडा अंग धरतोय असं मला वाटतं. माझं वाटणं म्हणजे काही पुरावा नव्हे. आणि ब्रॅडलीच्या सामन्याला लाल कपडे घातलेली पाहुण्यांची फौज आपल्यापेक्षा जास्त दिसली तर मनाला लावून घेऊ नका.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. व्हॅली ही सोडून जाण्याची जागा आहे. क्रेटन २०१३ मध्ये गेलं, विचिटा स्टेट २०१७ मध्ये, मग लोयोला, मग मिसुरी स्टेट. कोचही टिकत नाहीत. ड्रेकने २०२५ मध्ये मार्च मॅडनेसमध्ये मिसुरीला पाणी पाजलं आणि बेन मॅकॉलम लगेच आयोवाला रवाना झाले, त्यांचा हुकमी खेळाडू बेनेट स्टर्ट्झही सोबत. यूआयसी उद्या खरंच जिंकायला लागलं तर त्यांच्याही दारात कोणीतरी आमंत्रण घेऊन उभं राहील. तेव्हा मी काय करेन ते तेव्हा बघू.

ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी कॉलेज बदलण्याची सोय) आणि खेळाडूंना मिळणारे पैसे यावर वेगळं लिहीत नाही. दोन्हीकडे दर शरद ऋतूत नवी नावं पाठ करावी लागतात, त्यात डावंउजवं नाही.

सामन्यानंतरचं खाणं हा मात्र आपल्या लोकांसाठी खरा निकष. इथे लोयोला सरळ जिंकतं. डेव्हन अव्हेन्यूचं पूर्वेचं टोक लोयोलाच्या कॅम्पसपाशीच येतं. पश्चिमेला गाडी वळवली की थोड्या वेळात पाणीपुरी, शिवाय आठवड्याची भाजी आणि कढीपत्ता. यूआयसीला टेलर स्ट्रीटवर इटालियन आहे, हॅल्स्टेडला ग्रीकटाउन आहे. पोरं खूश, बायको म्हणते घरी जाऊन आमटी-भात करू.

तेव्हा असं करा. रॉजर्स पार्क, एव्हन्स्टन भागात राहत असाल, बाहेरच्या सामन्यांना कधी गेलाच नसाल, आणि गजबजलेल्या हॉलमध्ये चांगला खेळ बघायचा असेल, तर लोयोला घ्या. पैसे वाया जाणार नाहीत, कदाचित लवकरच मार्चमध्ये मला खिजवायलाही मिळेल. घरात गाडीने फिरण्याची हौस असेल, पिओरिया-ब्लूमिंग्टनला कोणी ओळखीचं असेल, आणि हरणाऱ्या संघाबद्दल थोडी माया असेल, तर यूआयसी. दोन्हीच्या मध्ये लोंबकळत असाल तर एक मोसम सुटी तिकिटं काढून बघा. यूआयसीची सहज मिळतात, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि नॉर्मलच्या सामन्याला निघताना आय-५५ ची हवा आधी बघा. पॉन्टिॲकच्या अलीकडे-पलीकडे मोकळ्या शेतांवरून रस्त्यावर बर्फ उडत येतं तेव्हा समोरचं काही दिसत नाही. सोबत हवी असेल तर सांगा, आमच्या गाडीत मागे दोन जागा असतात.