ऑटोमोटिव्ह सर्व्हिसची पदवी: घेण्यासारखी आहे का?

काही वर्षं गॅरेजमध्ये काम केल्यावर मी ऑटोमोटिव्ह सर्व्हिस अँड टेक्नॉलॉजीच्या पदवीला प्रवेश घेतला. आता पदवी हातात आहे आणि रोजचं काम गाडीतला दोष शोधायचं आहे. हा कोर्स करावा का, असं कुणी विचारलं की मी एकच गोष्ट बघायला सांगते: दोष सिद्ध केल्याशिवाय कॉलेजमध्ये पार्टला हात लावू देतात का? देत नसतील तर डोळे मिटून प्रवेश घ्या. देत असतील तर तेवढं काम गॅरेजमध्ये पगार घेऊन शिकता येतं.

ही पदवी म्हणजे ऑटोमोबाईल इंजिनिअरिंग नव्हे. गाडीचे भाग डिझाइन करायचे असतील, तर तो रस्ता वेगळा आणि त्यात गणितही पुष्कळ. इथे तयार होऊन रस्त्यावर आलेली गाडी का बिघडली, ती कशी दुरुस्त करायची आणि सर्व्हिसचा विभाग कसा चालवायचा, हे शिकवतात. दोन्हींची गल्लत करून आलेली मुलं पहिल्याच वर्षी नाराज होतात.

पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंजिन उघडणं, ब्रेक, सस्पेन्शन, टॉर्क रेंच नीट वापरणं. गॅरेजमधून आलेल्याला यातलं बरंच येत असतं. तरी एक सवय इथे लागली, ती मोलाची: ठरलेल्या कोनापर्यंत फिरवून ताणायचे हेड बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरायचे की नाहीत, याची कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्वतः वाचून खात्री करायची. ‘चालतंय’ हे उत्तर आमच्या सरांनी कधी ऐकून घेतलं नाही.

कोर्सचा खरा कस इलेक्ट्रिकलमध्ये लागतो. सेल्फ जड फिरतोय अशी तक्रार आली की गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलतात, मग सेल्फ. इथे मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या बॉडीला लावायला सांगितलं आणि सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला म्हणजे अर्थच्या वायरमध्ये किंवा तिच्या जोडात अडथळा आहे. हीच वायर ओहमवर तपासली तर ठणठणीत दिसते, कारण आत दोन-चार तारा शाबूत असल्या तरी मीटरचा इवलासा करंट सहज जातो. सेल्फला लागतो तो शेकडो अँपिअरचा करंट त्यांतून जात नाही. लोड असतानाच मोजायचं, ही एक गोष्ट पक्की झाली तरी कितीतरी चांगले पार्ट कचऱ्यात जायचे वाचतात.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचंही तसंच. पी०१७१ असा कोड आला की पुष्कळ जण ऑक्सिजन सेन्सर मागवतात. कोड एवढंच सांगतो की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आमच्याकडून फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, वाचून घेतलं जायचं. आयडलला (इंजिन नुसतं चालू, अॅक्सिलरेटर न दाबता) ट्रिम वीस टक्क्यांच्या आसपास आणि इंजिनचे फेरे वाढवले की खाली येत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा आत येते आहे. फेरे वाढले की त्या गळतीचा वाटा एकूण हवेत किरकोळ ठरतो. उलट, लोड वाढवल्यावर ट्रिम चढत गेलं तर पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासायचा. हे तर्कशास्त्र कोर्समध्ये मन लावून शिकवलं गेलं, आणि पदवीची निम्मी किंमत मी त्यालाच देईन.

कॅन नेटवर्कचा, म्हणजे गाडीतले कंट्रोल युनिट दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्याचा, विषयही उत्तम होता. बॉशने १९८६ साली मांडलेली ही पद्धत आज बहुतेक गाड्यांत आहे, तरी तिचं नाव काढलं की चांगले मिस्त्रीसुद्धा मागे सरतात. दोन वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं, तर ६० ओहम यायला हवेत (मध्ये गेटवे, म्हणजे सॉकेट आणि नेटवर्क यांमधलं युनिट, असेल तर आकृती बघूनच जागा ठरवायची). १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. एवढ्याशा मोजणीने हजारो रुपयांचा कंट्रोल युनिट उगाच बदलायचा वाचतो!

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या हाय व्होल्टेज प्रयोगशाळेत शिस्त कडक होती आणि ती तशीच हवी. नारिंगी केबल दिसली की हात मागे. हजार व्होल्टचे हातमोजे हवा भरून तपासायचे, सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत सांगितलेला वेळ थांबायचं. मग मीटर आधी चालू सर्किटवर, नंतर बंद केलेल्यावर आणि परत चालू सर्किटवर लावायचा, म्हणजे मीटरच बिघडलेला नाही याची खात्री होते.

आता उणिवा. आमच्याकडच्या गाड्या जुन्या होत्या आणि एका गाडीभोवती मुलं फार, त्यामुळे मागे उभ्या राहणाऱ्यांच्या हाती फक्त नोंदवही यायची. पुढची काच बदलल्यावर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याचा नेम पुन्हा जुळवणं) असा कॅमेरा असलेल्या बहुतेक गाड्यांत करावं लागतं. ते आम्ही फळ्यावर शिकलो, कारण त्याचे टार्गेट बोर्डच नव्हते. याचा मला मनापासून राग आहे. रोज रस्त्यावर येणारं हे काम आहे आणि ब्रेक आपोआप लागणं त्यावर अवलंबून असतं.

व्यवस्थापनाचे पेपर मुलं कंटाळून देतात. मला ते आवडले. तक्रार, कारण, केलेलं काम या तीन रकान्यांत जॉब कार्ड लिहायची सक्ती होती. ‘आवाज येतो’ एवढं लिहिलेलं कार्ड परत यायचं: कधी येतो, थंड गाडीत की गरम, वळताना की ब्रेक दाबल्यावर? वॉरंटीचे दावे आणि कामाच्या तासांचा हिशेबही याच पेपरांत आला.

वर्कशॉपमध्ये उभं राहायचं आहे आणि पुढे ते चालवायचंही आहे, अशांनी ही पदवी जरूर घ्यावी. फक्त सर्व्हिसिंग आणि ऑइल बदलण्यापुरतं काम हवं असेल, तर लहान कोर्स पुरेसा आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा चकचकीत इंजिनाच्या कटसेक्शनपाशी रेंगाळू नका. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) किती आहेत, वायरिंगच्या आकृत्यांच्या सॉफ्टवेअरची वर्गणी चालू आहे का आणि एका गाडीवर किती मुलं असतात ते विचारा. मग शेवटच्या वर्षातल्या एखाद्या मुलाने भरलेलं जॉब कार्ड मागा. त्यातल्या ‘कारण’ या रकान्यात मोजलेले आकडे आहेत का, ते बघा.