ओसीडीसाठी सर्ट्रालाइन: वर्षभराच्या वापरानंतर

सर्ट्रालाइन ही डिप्रेशनवरची गोळी, पण मला सुरू झाली ती डिप्रेशनसाठी नव्हे, ओसीडीसाठी. म्हणजे नको ते विचार मनात येत राहणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं. आमच्याकडे त्याला मंत्रचळ म्हणतात. हे आधीच सांगते, कारण ‘पंधरा दिवस झाले, काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणारे बरेच भेटतात. डिप्रेशनमध्ये साधारण चार-सहा आठवड्यांत अंदाज येतो. ओसीडीत दहा-बारा आठवडेही लागतात, आणि डोसही बहुधा जास्त लागतो. माझा 50 मिलिग्रॅमपासून टप्प्याटप्प्यानं वाढवला. दिवसाची कमाल मात्रा 200 असते.

सुरुवात जड गेली. मळमळ, पोट बिघडलेलं, आणि धास्ती उलट वाढलेली. नाश्त्यानंतर गोळी घ्यायला लागले तशी मळमळ आटोक्यात आली. रात्री घेतली की झोप उडायची, म्हणून डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली. शरीरसंबंधाची इच्छा कमी झाली ती अजून तशीच आहे. याबद्दल कुणी बोलत नाही, पण डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावरही उपाय असतात.

फरक कळला तो दाराच्या कुलपावर. पूर्वी ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत वर यायचं, पुन्हा ओढायचं. बोटांवर वळ उठायचे. तिसऱ्या महिन्यात शंका येत होतीच, पण तिच्यासकट जिना उतरता यायला लागला. हे नुसत्या गोळीचं काम नाही. ईआरपी थेरपीत, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन ती कृती टाळायला शिकवणाऱ्या उपचारात, हाच सराव करून घेतात: एकदाच कुलूप लावायचं आणि जीव कासावीस झाला तरी मागे फिरायचं नाही. गोळीआधी मला हा सराव झेपतच नव्हता.

हीच गोळी पॅनिक, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास), सोशल अँग्झायटीलाही देतात, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणू नका. बायपोलर (कधी खोल उदासी, कधी टोकाचा उत्साह) असेल तर नुसत्या या गोळीनं मेनिया, म्हणजे तो टोकाचा उत्साह, उसळू शकतो. डॉक्टरांनी मला घरच्यांचा इतिहास खोदून विचारला तो त्यासाठीच. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे सुरुवातीला आणि डोस बदलताना घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. ट्रामाडॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं विचारल्याशिवाय नकोत. अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके जाणवतात.

गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

माझा डोस सध्या स्थिर आहे. बरं वाटल्यानंतरही ओसीडीत निदान वर्षभर गोळी चालू ठेवायला सांगतात, त्यामुळे कमी करण्याचा विषय इतक्यात नाही.