डॅन्यूब की ऱ्हाईन? आधी बरोबरच्यांचे गुडघे बघा

मामेबहीण पुढच्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन युरोपात रिव्हर क्रूझला जायचं म्हणतेय आणि गेले पंधरा दिवस फोनवर एकच प्रश्न, डॅन्यूब करू की ऱ्हाईन. मी दोन्ही केल्यात. डॅन्यूब आईबाबांबरोबर पासाऊ ते बुडापेस्ट, नंतर ऱ्हाईन मावशी-काकांबरोबर बासेल ते अ‍ॅमस्टरडॅम, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

बहुतेक लोक देश मोजून ठरवतात. मला विचाराल तर दोन्ही नद्यांचा सगळ्यात सुंदर दिवस कुठला ते बघा आणि तो दिवस कसा घालवायचा असतो ते बघा. डॅन्यूबचा तो दिवस उतरून चालायचा आहे. ऱ्हाईनचा तो दिवस बोटीवरून अजिबात न उतरता बसून बघायचा आहे. एवढा मोठा फरक आहे आणि ब्रोशरमध्ये तो कळतच नाही, दोन्हीकडे तेच किल्ले, तेच द्राक्षमळे, तीच हिरवी नदी.

डॅन्यूबचा तो दिवस म्हणजे वाखाऊ, ऑस्ट्रियातलं मेल्क ते क्रेम्स, जेमतेम पस्तीसेक किलोमीटर. आमची बोट सकाळी मेल्कला लागली. वर कड्यावर पिवळा प्रचंड मठ, बेनेडिक्टाइन साधू तिथे १०८९ पासून आहेत, आत्ताची इमारत मात्र अठराव्या शतकातली. धक्क्यावरून बसने वर नेतात त्यामुळे चढ वाचतो, पण आत तासभर उभ्याने चालायचं आणि लायब्ररीतून चर्चमध्ये गोल जिन्याने उतरायचं. ती लायब्ररी बघून बाबा गप्पच झाले, जमिनीपासून छतापर्यंत एकाच रंगाच्या चामड्यात बांधलेली पुस्तकं, त्यांना तिथून हलवणं अवघड झालं.

मग जेवण बोटीवर, बोट चालू, आणि दोनेक तासांत ड्युर्नश्टाइन. वाटेत डाव्या काठाला विलेनडॉर्फ नावाचं छोटं गाव लागतं, तिथे १९०८ मध्ये सापडलेली जाड्या बाईची इवलीशी दगडी मूर्ती, साधारण तीस हजार वर्षं जुनी, व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आम्ही ती दोन दिवसांनी पाहिली आणि हे गाव आधी पाहिलेलं असल्याने फार छान वाटलं.

ड्युर्नश्टाइनला निळापांढरा चर्चचा मनोरा, एकच मुख्य गल्ली, सगळी दगडी फरसबंदी. वर पडका किल्ला, जिथे ११९२ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड, क्रुसेडवरून म्हणजे जेरुसलेमकडच्या धर्मयुद्धावरून परतताना पकडला गेलेला, कैदेत होता. पकडणारा ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड, त्या युद्धात एकर नावाचं शहर जिंकल्यावर रिचर्डच्या माणसांनी त्याचा झेंडा काढून फेकला होता त्याचा राग. वर जायला अर्धा तास लागतो, वाट खडबडीत आणि खडी. बाबा थांबत थांबत चढले, आई खालीच राहिली. वरून नदीचं वळण आणि दगडी बांधांवरचे द्राक्षमळे दिसतात ना, ते बोटीतून अर्धेसुद्धा दिसत नाहीत. आईने तोवर जर्दाळूचा जॅम घेतला आणि आम्ही उतरल्यावर सगळ्यांनी मारिलनक्नोडल खाल्ले, अख्खा जर्दाळू पिठाच्या पारीत भरून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात. आई म्हणाली हा मोदकाचाच भाऊ. जुलैत गेलात तर ताज्या फळाचे मिळतात.

आता ऱ्हाईन. र्‍युडेसहाइम ते कोब्लेन्झ, साधारण चार तास. गड बघायचा म्हणजे चढायचा हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे, आणि इथे तुम्ही खुर्चीत बसलेले असता आणि गडच एकामागून एक समोरून जातात. ऱ्हाइनश्टाइन, सोनेक, मग काउबजवळ नदीच्या मधोमध जहाजासारखा उभा फाल्झ किल्ला, तो बांधलाच होता येणाऱ्याजाणाऱ्या बोटींकडून जकात वसूल करायला. मग लोरेलाय, १३२ मीटरचा सरळ कडा, तिथे नदी अरुंद होऊन वळते आणि समोरून येणारी बोट दिसत नाही म्हणून आजही काठावरच्या दिव्यांच्या सिग्नलवर जहाजं पुढे जातात. केस विंचरणारी बाई खलाशांना भुलवून बुडवते ही इथली दंतकथा त्या वळणावर अगदी पटते. शेवटी मार्क्सबुर्ग, इथल्या टेकड्यांवरच्या किल्ल्यांपैकी कधीही उद्ध्वस्त न झालेला एकमेव. बिंगेन ते कोब्लेन्झ एकही पूल नाही, त्यामुळे बुटक्या पुलांखालून जाताना करतात तसा सनडेक, म्हणजे बोटीवरची उघडी गच्ची, बंद करावा लागत नाही. काका मांडीवर नकाशा घेऊन काठावरच्या किलोमीटरच्या पाट्या वाचत होते, त्या कॉन्स्टान्झपासून मोजतात, लोरेलाय ५५५ च्या आसपास. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती चार तासांत एकदाही उठली नाही आणि तिने सगळं पाहिलं. सहलीत मावशीने ‘तुम्ही जाऊन या, मी बसते’ असं म्हटलं नाही असा तो एकच दिवस.

पण एक महत्त्वाचं, बऱ्याच बोटींची लिफ्ट सनडेकपर्यंत जात नाही, शेवटचा जिना चढावाच लागतो. बुकिंगच्या आधी विचारा. पुढच्या काचेच्या लाउंजमधूनही दिसतं, पण सकाळी लवकर जाऊन जागा धरावी लागते. वर मे महिन्यातही गार वारा असतो, शाल न्याच.

ऱ्हाईनचा त्रास म्हणजे आवाज. दोन्ही काठांनी रेल्वे आहे, रात्री र्‍युडेसहाइमला बोट बांधलेली असताना मालगाड्या जात राहतात, काकांची झोप झाली नाही. डॅन्यूबवर रात्री लॉक लागतात, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वरखाली करणारे बंद हौद, खिडकीबाहेर अचानक ओली भिंत येते, हलकासा धक्का बसतो, पण आम्हाला सवय झाली. व्हिएन्नात आमच्या शेजारी दुसरी बोट लागली आणि खिडकीतून समोरच्यांचे पडदे, हे दोन्ही नद्यांवर होतं, त्यामुळे महागड्या बाल्कनीच्या केबिनवर पैसे घालू नका असं माझं ठाम मत आहे. दिवसा केबिनमध्ये असतं कोण.

पाण्याचं बघून महिना ठरवा. ऱ्हाईन काउबजवळ उथळ आहे, २०१८ च्या शरद ऋतूत आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाणी फार खाली गेलं होतं. पाणी नसलं की बोटीऐवजी बस, आणि मग ऱ्हाईनचा तो दिवस गेलाच, उलट वाखाऊ बसने केलं तरी मठ आणि किल्ला हातचे जात नाहीत. डॅन्यूबवर जर्मनीतला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफन हा उथळ पट्टा आहे, तो टाळायला पासाऊपासून सुरू होणारी सहल घ्या. पूर डॅन्यूबलाही येतो, सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात मोठा आला होता.

व्हेजचं दोन्हीकडे सारखंच, आधी लेखी कळवा आणि सूप रोज विचारून घ्या, भाज्यांच्या सुपातही मटणाचा किंवा चिकनचा स्टॉक असू शकतो. व्हिसा दोन्हींना शेंगेनच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, फक्त डॅन्यूबने खाली बेलग्रेडकडे जाणार असाल तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही, मल्टिपल एंट्री लागेल.

आणि आठवडाभराचं बजेट नसेल तर दोन्ही पट्ट्यांवर उन्हाळ्यात दिवसाच्या बोटी चालतात. व्हिएन्नाहून मेल्क ट्रेनने तासाभरावर, तिथून बोटीने क्रेम्स, ट्रेनने परत.

मामेबहिणीला मी ऱ्हाईन सांगितलीय, मे महिन्यातली, कारण तिच्या सासूबाईंना जिने नकोत. सासरे अजून दर रविवारी सिंहगड चढतात, त्यांच्यासाठी कोब्लेन्झनंतर कोलोनला उतरून कॅथेड्रलचा मनोरा आहे, ५३३ पायऱ्या, आणि सासूबाई तोवर खालच्या चौकात कॉफी घेत बसतील.