नागपूरहून परदेशी: दोहामार्गे, मुंबईमार्गे की रेल्वेने? आधी सामान तोला

परदेशी जायचं ठरलं की आपल्याकडे आधी तिकिटाचे दर बघितले जातात आणि बॅगा शेवटच्या आठवड्यात भरल्या जातात. नागपूरकरांनी हा क्रम उलटा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. इथून निघायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येक वाटेवर सामानाचा हिशेब वेगळा आहे. आठ दिवसांच्या सहलीला जाणाऱ्याला फरक कळणारही नाही. पण लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आई-वडील किंवा दोन वर्षांच्या शिक्षणाला चाललेलं पोर यांच्यासाठी खर्च आणि मनस्ताप इथेच ठरतो.

सगळ्यात फसवं ठरतं ते नागपूर-मुंबई एक तिकीट आणि मुंबईपासून पुढे दुसरं, असं वेगवेगळं बुकिंग. बेरीज केली की स्वस्त दिसतं. आता वजन बघा. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, म्हणजे नवरा-बायकोचे ९२ किलो. देशांतर्गत साध्या तिकिटावर मात्र चेक-इनला माणशी १५ किलो, म्हणजे दोघांचे ३०. उरलेल्या ६२ किलोंचे पैसे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर काउंटरवर किलोच्या भावाने मोजावे लागतात आणि स्वस्ताई तिथेच संपते. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असतील तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादाच लागू होते आणि बॅगा थेट शेवटच्या मुक्कामाला जातात. म्हणून मुंबईमार्गेच जायचं असेल तर थोडे जास्त पैसे देऊन एकच तिकीट काढा. त्यात आता आणखी एक गोष्ट तपासायची आहे. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५पासून सुरू झालंय. नागपूरचं विमान तिथे उतरणार आणि पुढचं मुंबईच्या जुन्या सहार विमानतळावरून सुटणार असेल, तर मध्ये खाडी आणि मुंबईची वाहतूक आहे. पैसे भरण्याआधी दोन्ही तिकिटांवर विमानतळाचं नाव वाचा.

नागपूरहून दोहा किंवा शारजाला थेट जाणं हा दुसरा मार्ग. विमानं रोज नसतात, वार आणि वेळ आधी बघून घ्यावी लागते. पण वयस्कर माणसांसाठी मी हाच मार्ग सुचवेन, आणि कारण जाण्यापेक्षा येण्याचं जास्त आहे. परत येताना भारतात ज्या विमानतळावर पहिलं उतरतो तिथे इमिग्रेशन, बॅगा ताब्यात घेणं आणि कस्टम्स हे सगळं उरकावं लागतं. मुंबईमार्गे आलात तर रात्रभरच्या प्रवासानंतर चार बॅगा उतरवून पुन्हा नागपूरच्या विमानासाठी द्यायच्या. दोहामार्गे हेच सगळं नागपुरात होतं आणि बाहेर घरचं माणूस गाडी घेऊन उभं असतं. शारजाच्या स्वस्त विमानात सामानाचं वजन सहसा वेगळं विकत घ्यायचं असतं, ते तिकिटासोबतच घ्या. आणि शारजाला उतरून दुबईहून दुसऱ्या कंपनीचं विमान धरायचं असेल तर यूएईचा व्हिसा लागेल, हे विसरू नका.

रेल्वेकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. सेकंड एसीत माणशी ५० किलो सामान मोफत नेता येतं, थर्ड एसीत ४०. म्हणजे दोघांच्या चारही चेक-इन बॅगा सेकंड एसीच्या मर्यादेत बसतात. दुरांतो रात्री निघून सकाळी सीएसएमटीला पोचते आणि मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. गाडीला उशीर झाला तरी पूर्ण दिवस हाताशी राहतो. पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या रखडतात तेव्हा हा दिवस फार कामाचा. फक्त त्या दिवशी टेकायला नातेवाइकाचं घर किंवा खोली हवी. बॅग बर्थखाली आडवी सरकली पाहिजे, त्यामुळे अवाढव्य कडक बॅगेपेक्षा मध्यम आकाराच्या बॅगा घ्या. एकट्या विद्यार्थ्यासाठी हा मार्ग उत्तम. गुडघे दुखणाऱ्यांनी प्लॅटफॉर्मवर ओढाताण करू नये.

रस्त्याने मुंबईला जायचं तर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जून २०२५पासून पूर्ण खुला आहे. चालवायला दुसरं माणूस असेल आणि टायर चांगले असतील तरच विचार करा.

मार्ग कुठलाही असो, नागपूरच्या बॅगेत सावजी मसाला असतोच आणि तिथे नीट लक्ष हवं. त्यात खसखस असते. दुबई-शारजात राहायला जाणार असाल तर खसखस नेणं गुन्हा आहे, घरच्या मसाल्यात दोन चमचे असली तरी. तिकडे न्यायचा मसाला खसखशीशिवाय वेगळा कुटून घ्या. मसाल्यासोबत सुक्या खोबऱ्याची वाटी टाकायचा मोह होतो, पण खोबरं तेलकट आणि पेट घेणारं असल्यामुळे विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. तिखट केबिन बॅगेत चालत नाही, ते खाली चेक-इनला. संत्री तर नेऊच नका, अमेरिकेत ताजी फळं काढून घेतात. बाकी खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर किंवा विचारल्यावर सरळ सांगा. सांगितलेली वस्तू फार तर टाकून देतात, लपवलेल्या वस्तूला दंड पडतो.

पॉवर बँक उलट केबिनमध्येच, १०० वॉट-तासांच्या आतली. रोजची औषधंही हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, आणि सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी.

दोनशे-तीनशे रुपयांचा लटकता काटा मिळतो, तो तिकीट काढायच्या आधीच घ्या. न्यायचंच आहे ते एकदा बॅगेत भरून बघा. माणशी १५ किलोच्या आत बसलात तर वेगवेगळी तिकिटं काढायला हरकत नाही. काटा त्यापुढे गेला की आधी दोहाचा दर बघा आणि मग एकाच पीएनआरचा मुंबईमार्गे दर.