द लॉजर : १९२७ चा मुका की १९४४ चा बोलका?
घरात ठेवलेला भाडेकरूच खुनी तर नाही ना, या संशयाची ही गोष्ट. हिचकॉकचा १९२७ चा मूकपट आणि जॉन ब्रॅमचा १९४४ चा बोलपट लागोपाठ बघितले, मालवणात धो धो पाऊस, लाईट गेली नाही हे नशीब. मूकपटच भारी! भाडेकरू वरच्या खोलीत येरझाऱ्या घालतोय, आवाज तर नाहीच, मग हिचकॉकने काचेची जमीन करून खालून त्याची पावलंच दाखवली, आधी झुंबर हलतं आणि मग ती पावलं... माडीच्या तक्तपोशीखाली झोपणाऱ्या आम्हा कोकणातल्या लोकांना ती चक्क ऐकू येतात हो. बोलपटात भाडेकरू झालेला लेअर्ड क्रेगर जबरदस्त, नुसत्या डोळ्यांनी घाबरवतो, मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉनही आहे, पण संवाद जरा जास्तच समजावत बसतात. शेवट दोघांचे वेगळे, सांगत नाही. एकच बघणार असाल तर मुका बघा, फक्त प्रिंट साफ असलेली शोधा.