गाडीचं कर्ज: काही महिने हप्ते भरल्यानंतर

नवी गाडी घेताना माझ्यासमोर चार वाटा होत्या: पूर्ण रोख, बँकेचं साधं कर्ज, डीलरकडची शून्य टक्के व्याजाची योजना आणि लीज, म्हणजे गाडी ठराविक काळासाठी भाड्याने घेणं. मी मोठं डाउन पेमेंट करून बँकेचं पाच वर्षांचं कर्ज घेतलं. आता बरेच हप्ते भरून झालेत आणि हा निर्णय मला अजूनही पटतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो व्याजदर समजून घेण्यात, आणि तो सत्कारणी लागला. एका ठिकाणी ७ टक्के 'फ्लॅट' दर सांगितला होता. ऐकायला स्वस्त वाटतो. पण फ्लॅट दरात शेवटच्या हप्त्यापर्यंत सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर व्याज धरतात, तुम्ही निम्मं फेडलं असलं तरी. पाच वर्षांसाठी तोच हप्ता घटत्या शिलकीच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरणाऱ्या 'रिड्युसिंग' पद्धतीने मोजला की दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून दर विचारला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: फ्लॅट की रिड्युसिंग? उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठावं.

मुदतीचंही तसंच. घटत्या शिलकीवर ९ टक्के दराने १०० घेतले तर पाच वर्षांत व्याज साधारण साडेचोवीस जातं, सात वर्षांत पस्तीस. हप्ता जेमतेम पाव भागाने हलका होतो, व्याज मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतं. शिवाय गाडीची किंमत पहिल्या वर्षातच सर्वात वेगाने उतरते. डाउन पेमेंट कमी आणि मुदत लांब असेल, तर बराच काळ गाडीच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त राहतं. अशा वेळी गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली आणि विमा कंपनीने त्या दिवशीची घटलेली किंमत दिली, तर उरलेलं कर्ज आपल्याच खिशातून भरायचं. मोठ्या डाउन पेमेंटचा आग्रह मी याच कारणासाठी धरला.

शून्य टक्के योजनेवर रोख सवलत मिळत नव्हती. ती सोडलेली सवलत हेच त्या कर्जाचं व्याज. तिथे मुदतही आखूड होती, त्यामुळे हप्ता जड झाला असता. पूर्ण रोख देणं शक्य होतं, पण अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे गाडीत अडकवायची माझी तयारी नव्हती.

आता वापराबद्दल. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, तेव्हा खात्याचा उतारा पाहून जीव खट्टू होतो. त्यावर उपाय एकच, जमेल तेव्हा मुद्दलात जादा भरणा. वरच्याच उदाहरणात वर्षभरानंतर १० जादा भरले आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, तर जवळजवळ सात हप्ते कमी होतात आणि सुमारे ४ व्याज वाचतं. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर बचत निम्म्यावर येते. बँक आपणहून कोणता पर्याय लावेल याचा भरवसा धरू नका. मी मुदत कमी करण्याचं लेखी मागून घेतलं. मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क किती, हे मात्र सही करण्याआधीच विचारायला हवं. प्रक्रिया शुल्क आणि कर्जातच घुसवलेली वाढीव वॉरंटी यांचंही तेच. कर्जात घेतलेल्या वॉरंटीवर आपण वर्षानुवर्षं व्याज भरतो.

लीज माझ्या बहिणीने घेतली आहे आणि ती खूश आहे. दर दोन-तीन वर्षांनी तिला गाडी बदलायची असते आणि रोजचं अंतर ठरलेलं असतं. माझं फिरणं बेभरवशाचं, त्यामुळे लीजमधली किलोमीटरची मर्यादा ओलांडल्यावरचं जादा शुल्क आणि करार मध्येच मोडल्याचा दंड मला परवडला नसता. गाडी दहा वर्षं वापरायची असेल तर लीजचा विचारच करू नये, कारण कर्ज फिटल्यावर बिनहप्त्याची जी वर्षं मिळतात ती लीजमध्ये कधीच येत नाहीत.