पवनचक्की घेण्याआधी टेप हातात घ्या

ज्या जाहिरातीला भुलून मी छोटी पवनचक्की घेतली, तीच परवा पुन्हा दिसली. फोटो तोच, पाती तीच, फक्त '2000 वॅट'चे आता '3000 वॅट' झालेत. म्हणजे अजून कुणीतरी पैसे भरणार, म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या घरापर्यंत विजेची लाइन येत नाही. सौर पॅनल आणि 24 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर घर चालतं. चार दिवस ढगाळ गेले की बॅटऱ्या तळाला जातात. आभाळ भरून येतं तेव्हा बऱ्याचदा वाराही सुटतो, म्हणून जोडीला छोटी पवनचक्की घ्यावी असं ठरलं. हा विचार चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

विक्रेता फोनवर फार अदबीने बोलायचा. "ताई, जरासा वारा असला तरी फिरते. छपरावरच बसवा, वेगळा खांब कशाला?" किती वेगाच्या वाऱ्याला 2000 वॅट मिळतात, असं मी विचारलं होतं. "चांगल्या वाऱ्याला," एवढंच उत्तर आलं. तिथेच फोन ठेवायला हवा होता. मी मात्र सगळे पैसे आगाऊ भरले.

चक्की बसली, फिरायला लागली, आम्ही दोघं मान वर करून बघत बसलो. संध्याकाळी मीटर पाहिला तर 0.0 अँपिअर. फोन केला तर म्हणाला, "पाती फिरतायत ना? मग वीज येतेच आहे." हे धादांत खोटं आहे. चक्कीचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या वर गेल्याशिवाय बॅटरीत काहीही जात नाही. तोवर पाती मोकळीच फिरत असतात, आणि बघणाऱ्याला वाटतं काम छान चाललंय.

मग मी वहीत रोज नोंदी करायला लागले. वाऱ्याचा वेग मोजायचं हातातलं छोटं यंत्र मागवलं. सेकंदाला 6 मीटर वारा, म्हणजे झाडाच्या लहान फांद्या हलतात तेवढा, असताना सव्वा अँपिअर. जेमतेम 30 वॅट. पुन्हा फोन केला, तर आता "तुमच्याकडे वाराच कमी आहे".

शेवटी शिडी लावून टेपने मोजलं. पात्याच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, फिरताना होणाऱ्या वर्तुळाचा व्यास, 1.2 मीटर. त्या रात्री कागदावर हिशोब मांडला आणि खरं सांगते, रडू आलं. सेकंदाला 12 मीटर, म्हणजे ताशी 43 किलोमीटर वारा धरा. एवढ्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यातली सगळीच्या सगळी शक्ती सुमारे 1200 वॅट भरते. सगळी मिळून 1200, आणि हा माणूस त्यातून 2000 काढून देणार होता! शिवाय सगळी शक्ती कधीच हाती येत नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवलंय की उघड्या वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त शक्ती कोणतंही चक्र घेऊ शकत नाही. वारा पात्यांशी पूर्ण थांबला तर मागून येणाऱ्याला जागाच उरणार नाही. म्हणजे हद्द 700 वॅटची. आणि छोट्या चक्क्यांना प्रत्यक्षात 20 ते 30 टक्के मिळाले तरी पुष्कळ. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते, हेही मला तेव्हाच कळलं. 6 मीटरला 150 वॅटचा वारा, त्याचे 20 टक्के 30 वॅट. माझ्या वहीतला आकडा बरोबर तोच होता.

सोबत आलेल्या वायरींनीही हे आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. 24 व्होल्टवर 2000 वॅट म्हणजे 80 अँपिअरच्या वर प्रवाह. त्या वायरी टेबललॅम्पच्या वायरीएवढ्या बारीक होत्या.

छपराचा सल्ला तर निव्वळ घातक. घराच्या कडांवर आपटून वारा घुसळून येतो, चक्की सतत तोंड फिरवत राहते, आणि तिची घरघर भिंतींतून झोपायच्या खोलीत उतरते. जाणकारांचा साधा ठोकताळा असा की आसपासच्या 150 मीटरमधल्या सर्वात उंच झाडाच्या किंवा घराच्या वर निदान 10 मीटर चक्की हवी. तेवढा खांब आणि त्याचे तणावे यांचा खर्च कित्येकदा चक्कीपेक्षा जास्त होतो. तो खर्च विक्रेत्याने लपवला म्हणूनच मला सौदा स्वस्त वाटला.

मग ती रात्र आली. जोराचा वारा होता आणि त्या दिवशी पॅनलनीच बॅटऱ्या भरल्या होत्या. कंट्रोलरने, म्हणजे बॅटरीत वीज किती जाऊ द्यायची ते सांभाळणाऱ्या पेटीने, बॅटरी भरलेली पाहून चक्कीची जोडणी सरळ तोडली. पॅनलला असं तोडलेलं चालतं, पवनचक्कीला नाही. तिची वीज ओढून घेणारं काही उरलं नाही, म्हणजे तिच्यावरचं ओझं काढलं, की ती बेलगाम सुटते. म्हणून जादा वीज जाळायला वेगळा हीटर जोडलेला लागतो, आणि चक्कीतून येणाऱ्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून चक्की थोपवणारा ब्रेक स्विच लागतो. आम्हाला यातलं काहीच दिलं नव्हतं. आधी शिट्टीसारखा आवाज चढत गेला, मग धाडकन काहीतरी तुटलं. सकाळी पात्याचा हातभर तुकडा पाण्याच्या टाकीपाशी मातीत रुतलेला सापडला. दिवसा मुलं तिथेच खेळतात.

विक्रेता म्हणाला, "वारा जास्त होता, वॉरंटीत बसत नाही." आधी वारा कमी होता, आता जास्त झाला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

तुम्ही घेणार असाल तर वॅटचा आकडा बाजूला ठेवा आणि व्यास विचारा. व्यास सांगत नसेल तर बोलणं तिथेच संपवा. सेकंदाला 5 मीटर सरासरी वाऱ्याला महिन्याला किती युनिट मिळतात, ते कुणी तटस्थ संस्थेने मोजलंय का, हे लेखी मागा. जादा वीज कुठे जाते आणि ब्रेक कुठे आहे, ते प्रत्यक्ष दाखवायला सांगा. आणि चक्कीच्या आधी, जिथे ती बसणार त्या उंचीवर, वाऱ्याचा वेग नोंदवणारं यंत्र निदान काही महिने, जमलं तर वर्षभर लावून ठेवा. आम्ही ते आता लावलंय. नोंदी बघून पुढचं ठरवू, तोवर पॅनल वाढवतोय.